गुडघेरोपणापूर्वी घरच्या घरी पायांना बळ

(ठाण्यातील कोलशेत येथे ज्येष्ठ नागरिक, शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे एका भौतिकोपचार तज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाची संहिता.)



गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी मला नेहमी तीन प्रश्न विचारले जातात. शस्त्रक्रिया करावी की नाही, कोठे करावी आणि खर्च किती येईल? हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय झाल्यापासून ती प्रत्यक्ष होईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत काय करावे? आज मी केवळ या चौथ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. कारण पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे डॉक्टर, रुग्णालय आणि शासन यांच्याकडे आहेत. चौथ्याचे उत्तर मात्र आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर आणि आपल्याच मांडीच्या स्नायूत आहे.

झिजलेला गुडघा, दुबळा पाय

कोलशेत आज ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. उंच इमारती आल्या, उद्वाहने आली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठे उद्यान खुले झाले. तथापि, हे मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. येथील वडीलधाऱ्यांचे आयुष्य भाताच्या खाचरात वाकून लावणी करण्यात, खाडीत मासे धरण्यात, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाण्यात आणि तासन् तास उकिडवे बसून मासळी विकण्यात गेले. त्या कष्टांची नोंद त्यांच्या गुडघ्यांनी ठेवली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे एक कोटी अकरा लाख होती. म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के. तेव्हापासून हे प्रमाण वाढतच आहे. हा विषय त्यामुळे एका घराचा राहिलेला नाही.

गुडघ्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, वजन, जुनी दुखापत, कष्टाचे काम आणि काही अंशी आनुवंशिकता यांमुळे ते झिजते. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट, तर जिना उतरताना तिपटीहून अधिक भार येतो. हा भार सांभाळण्यात सर्वांत मोठा वाटा मांडीच्या पुढच्या भागातील चतुःशिरस्क स्नायूचा असतो. चार भागांचा हा स्नायू वाटीवरून खाली नडगीच्या हाडाला जोडलेला आहे. गुडघा सरळ करणे, खुर्चीवरून उठणे, पायरी उतरताना शरीर हळूहळू खाली सोडणे, ही कामे तोच करतो.

सांधा दुखू लागला, सुजला, की मज्जासंस्था या स्नायूकडे जाणारी आज्ञा कमी करते. दुखऱ्या सांध्याचे रक्षण व्हावे म्हणून शरीरानेच केलेली ही योजना असते. परंतु तिचा परिणाम उलटा होतो. स्नायू पूर्ण आकुंचन पावत नाही, दुबळा होतो, सांध्यावरील भार वाढतो, वेदना वाढते आणि वेदनेमुळे माणूस आणखी कमी हालचाल करतो. हे दुष्टचक्र महिनोन्महिने चालते. म्हणून शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाचा नुसता सांधाच झिजलेला नसतो, त्याचा पायही दुबळा झालेला असतो. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत.

शस्त्रक्रिया काय करते आणि काय करीत नाही

आधुनिक गुडघेरोपणाचा इतिहास फार जुना नाही. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथील एका अस्थिरुग्णालयात डॉ. जॉन इन्सॉल, डॉ. चित्तरंजन रणावत आणि अभियंता पीटर वॉकर यांच्या प्रयत्नांतून जो कृत्रिम सांधा प्रचारात आला, त्याच्या धर्तीवर पुढील बहुतेक सांधे तयार झाले. याच डॉ. रणावत यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये शस्त्रक्रिया केली. त्या बातम्यांमुळे गुडघाही बदलता येतो, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोहोचली. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, ज्याची सरासरी छापील किंमत दीड लाख रुपयांहून अधिक होती, त्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. मध्यमवर्गीय कुटुंबांना या शस्त्रक्रियेचा विचार करणे त्यामुळे सुकर झाले.

शल्यचिकित्सक झिजलेला पृष्ठभाग काढून त्या जागी धातू आणि प्लॅस्टिकचा पृष्ठभाग बसवितात. वाकडा झालेला पाय सरळ करतात. वेदनेचे मूळ दूर होते. हे कार्य मोठेच आहे. परंतु नवा सांधा म्हणजे बिजागरी होय. दार उघडण्याचे बळ बिजागरीत नसते. ते बळ स्नायूचे आणि स्नायू मात्र जुनाच राहतो. एवढेच नव्हे तर शस्त्रक्रियेमुळे तो काही काळ अधिकच दुबळा होतो. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या मोजणीत शस्त्रक्रियेनंतर एका महिन्याने या स्नायूचे बळ शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत सुमारे साठ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

आता साधा हिशेब करू. ज्याच्या गाठीशी शंभर रुपये आहेत, त्याचे साठ गेले तर चाळीस उरतात. ज्याच्याजवळ पन्नासच आहेत, त्याला वीस रुपयांत महिना काढावा लागतो. स्नायूंचेही काहीसे असेच आहे. खुर्चीवरून उठण्यासाठी काही किमान बळ लागतेच. त्या मर्यादेच्या खाली जो जातो, त्याला उठविण्यासाठी दोन माणसे लागतात.

एक घरगुती अनुभव

मी या गावची सून आहे. म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे आणि ते सांगणे माझे कर्तव्यही आहे. माझ्या सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय झाला आणि ती प्रत्यक्ष होण्यास सात महिने लागले. कधी रक्तातील साखर वाढलेली, कधी पैशांची जुळवाजुळव, मध्ये पावसाळा, मग मुलाची रजा. त्या सात महिन्यांत घरातील सर्वांनी त्यांची मनापासून काळजी घेतली. पाणी हातात, जेवण खाटेवर. शेजारणी येऊन सांगत, “आता बदलायचाच आहे ना, मग कशाला झिजवता?” दिवसाकाठी त्या न्हाणीघरापर्यंत जाऊन येत, तेवढेच त्यांचे चालणे.

व्यायामाचा छापील कागद मी त्यांना दिला होता. माझ्या कामाचा तो नेहमीचा भाग. शस्त्रक्रिया उत्तम झाली. क्ष-किरण छायाचित्रात सांधा अचूक बसलेला दिसत होता. तरीही त्यांना पाय सरळ ठेवून उचलता येईना. खुर्चीवरून उठवताना आम्ही दोघे दोन बाजूंना असू. ओटीची एक पायरी स्वतः उतरण्यास त्यांना चार महिने लागले. त्या काळात त्या एकदा म्हणाल्या, “सांधा नवा घातला म्हणता, मग मी अजून जुनीच कशी?”

पुढे पत्र्याच्या पेटीत शिधापत्रिकेबरोबर माझा तो कागद मला घडीसह सापडला. मी विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, मला वाचता येतं का?” त्यांना अक्षरओळख नाही हे मला लग्नापासून ठाऊक होते. तरीही इतरांना देते तसा त्यांनाही मी कागदच दिला होता. कागद दिला म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. चूक सर्वस्वी माझी होती.

दुसऱ्या गुडघ्याची वेळ वर्षभरानंतर आली. त्या वेळी कागद दिला नाही. सातवीत शिकणारी माझी मुलगी रोज संध्याकाळी दप्तर ठेवून आजीच्या खाटेजवळ बसे आणि मोठ्याने आकडे मोजे. दहा आठवडे हा क्रम चालला. या खेपेस शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पाय स्वतः उचलला आणि ती ओटीची पायरी सहाव्या आठवड्यात त्या एकट्या उतरल्या. अर्थात, दुसऱ्या वेळी त्यांना पुढचे सारे ठाऊक होते, भीती कमी होती, पहिला गुडघाही आधाराला होता. एका घराच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये. म्हणून शास्त्राने काय तपासले आहे, तेही पाहिले पाहिजे.

शास्त्राचा कौल

बळ वाढविण्याच्या व्यायामाची शास्त्रशुद्ध पद्धत गुडघ्याच्या रुग्णांपासूनच घडली, हे अनेकांना ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांना क्रमाक्रमाने वाढत्या वजनांचा व्यायाम दिला आणि १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हलका व्यायाम शेकडो वेळा करण्यापेक्षा पेलवेल इतके वजन मोजक्या वेळा उचलून ते टप्प्याटप्प्याने वाढविले, तर बळ लवकर येते, हे त्यांनी दाखविले. आजही भौतिकोपचाराचा तोच पाया आहे. आपल्याकडे पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

२००५ मध्ये डेलावेअरच्याच संशोधकांनी असे दाखविले की, शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्या मांडीचे बळ अधिक होते, ते एका वर्षानंतर जिना चढणे, खुर्चीवरून उठणे यांसारख्या कामांत सरस ठरले. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील प्रयोग तर आपल्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात गुडघेरोपणास पात्र ठरलेल्या १४० रुग्णांना घरी करण्याचा एकच व्यायाम देण्यात आला. खुर्चीवर बसून रबरी पट्ट्याच्या विरोधात गुडघा सरळ करणे, एवढाच तो व्यायाम. कोणी आठवड्यातून दोनदा केला, कोणी चारदा, कोणी सहादा. बारा आठवड्यांनंतर तिन्ही गटांच्या बळात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे आठवड्यातून दोन दिवसही निष्ठेने केले तर पुरेसे ठरू शकते. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. बारा आठवड्यांनंतर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांनीच शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करला. उरलेल्यांना तूर्त तिची गरज वाटली नाही.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. व्यायामाने झिजलेली कूर्चा परत येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या व्यायामाचा लाभ मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. वर्ष उलटल्यावर व्यायाम केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांतील फरक पुष्कळ कमी होतो, असेही अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. परंतु ते पहिले आठवडेच वृद्ध माणसाच्या पडण्याचे, परावलंबनाचे आणि खचून जाण्याचे असतात. ज्या घरात मुलाची रजा पंधरा दिवसांची असते, तेथे पहिला महिना म्हणजेच सर्व काही असते.

घरच्या घरी करावयाचे व्यायाम

आपल्या डॉक्टरांना विचारून पुढील व्यायाम सुरू करता येतील. त्यासाठी एक खाट, एक भक्कम खुर्ची, एक गोधडी आणि नाडीची एक कापडी पिशवी एवढे साहित्य पुरे.

पहिला : खाटेवर पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची लहान गुंडाळी ठेवावी. मांडी आवळून गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबावी, पाच आकडे मोजावे, सैल सोडावे. असे दहा वेळा. ज्यांचा गुडघा फार दुखतो, त्यांनी येथूनच प्रारंभ करावा, कारण यात सांधा जवळजवळ हलत नाही.

दुसरा : पाठीवर निजावे. एक गुडघा वाकवून पाऊल खाटेवर टेकवावे. दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच आकडे मोजावे आणि सावकाश खाली आणावा. पाय धपकन सोडू नये. खाली आणणे हाही व्यायामच आहे. शस्त्रक्रियेनंतर पाय स्वतः खाटेवर घेण्यासाठी हेच बळ कामी येते.

तिसरा : गोधडीची जाड गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून निजावे. मांडी गुंडाळीवरच ठेवून टाच उचलावी, गुडघा पूर्ण सरळ करावा, पाच मोजावे. गुडघा सरळ होण्याचे शेवटचे काही अंश सर्वांत आधी गमावले जातात. ते या व्यायामाने टिकतात.

चौथा : भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, तीन आकडे थांबवावा, हळू खाली आणावा. दहा वेळा सहज जमू लागले की घोट्याला अर्धा किलो तांदूळ किंवा रेती भरलेली पिशवी बांधावी. दहा-दहाच्या तीन फेऱ्या विनासायास होऊ लागल्या की आणखी अर्धा किलो वाढवावा. डीलॉर्म यांचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात असे आणता येते.

पाचवा : खुर्चीवरून उठणे आणि बसणे. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावी, छाती पुढे झुकवावी आणि उठावे. प्रारंभी खुर्चीच्या हातांचा आधार घ्यावा. उठणे कठीण वाटल्यास खुर्चीवर गोधडीची पक्की घडी ठेवून बैठक उंच करावी आणि बळ येईल तशी ती कमी करावी. सर्व व्यायामांत एकच निवडावयाचा झाला तर मी हा निवडीन.

सहावा : स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहावे. टाचा उचलून चवड्यांवर यावे, परत टेकावे. नंतर एक पाय सरळ ठेवून बाजूला न्यावा, परत आणावा. नितंबाच्या या स्नायूंमुळे चालताना शरीराचा झोक जात नाही.

यांखेरीज टाच खाटेवरून घसरवत गुडघा जमेल तेवढा वाकविण्याचा आणि पावले वर-खाली करण्याचा सराव रोज ठेवावा. वॉकर पेलण्यास दंडात बळ लागते. त्यासाठी खुर्चीच्या हातांवर भार देऊन शरीर किंचित उचलण्याचाही सराव करावा. विश्रांती घेताना गुडघ्याखाली उशी ठेवू नये. क्षणभर बरे वाटते, परंतु गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडू लागतो.

प्रमाण आणि पथ्य

पहिले तीन व्यायाम रोज, तर वजनाचा आणि उठबशीचा व्यायाम एक दिवसाआड करावा. स्नायूला सावरण्यास मधला दिवस लागतो. किमान सहा ते आठ आठवडे मिळाले तर उत्तम. तारीख दोनच आठवड्यांवर असली तरी प्रारंभ करावा, कारण पहिल्या काही दिवसांत स्नायू वाढला नाही तरी त्याला आज्ञा पाळण्याची सवय पुन्हा लागते.

श्वास रोखू नये. मोठ्याने आकडे मोजल्यास श्वास आपोआप चालू राहतो. व्यायामाने थोडी वेदना वाढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाली, तर घाबरू नये. सकाळीही ती वाढलेलीच असेल किंवा सूज आली असेल, तर वजन आणि संख्या कमी करावी. छातीत दुखणे, धाप, चक्कर, पोटरीस अचानक सूज व वेदना, गुडघा लाल व गरम होऊन ताप येणे, यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मणक्याचा आजार असलेल्यांनी आधी सल्ला घेतल्याशिवाय प्रारंभच करू नये.

आपल्या उद्यानात सकाळी फिरणारे पुष्कळ जण मला सांगतात, “आम्ही रोज चालतो, आणखी व्यायाम कशाला?” चालणे हृदयाला, मनाला आणि साखरेला हितकारक आहे. ते सोडू नये. परंतु सपाट रस्त्यावरील चालण्याने मांडीचे बळ फारसे वाढत नाही. त्यासाठी स्नायूला नेहमीपेक्षा अधिक भार द्यावा लागतो. उलट, संपूर्ण विश्रांतीचा तोटा किती वेगाने होतो, तेही पाहावे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस खाटेवर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटला. हे केवळ दहा दिवसांत घडले. सात महिन्यांचा विचार आपण करावा.

बळासाठी आहारात प्रथिने हवीत. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी आणि खाडीकाठच्या घरांत सहज मिळणारी ताजी मासळी ही त्यांची उत्तम साधने आहेत. सुकी मासळीही पौष्टिक आहे, तथापि तीत मीठ फार असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ती बेताने खावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. मधुमेह आटोक्यात ठेवावा. तंबाखू आणि मशेरी शस्त्रक्रियेपूर्वी किमान महिनाभर तरी पूर्ण बंद करावी. तंबाखूने जखम भरण्यास विलंब लागतो. मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे, असे अनेक भगिनी मानतात. तो गैरसमज आहे. किडलेले दात, टाचांच्या भेगा, बोटांमधील चिखल्या यांवर आधीच उपचार घ्यावे, कारण तेथील जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो.

घराचीही तयारी करावी. शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे आणि जमिनीवर मांडी घालून बसणे सामान्यतः टाळण्यास सांगितले जाते. म्हणून बैठकीचे शौचकूप असल्यास आधीच खुर्चीची सोय करावी. न्हाणीघरात धरण्यास दांडी बसवावी, घसरणाऱ्या सतरंज्या उचलाव्या आणि रात्री वाटेवर दिवा ठेवावा. देवपूजा, जेवण आणि मासळी साफ करणे ही कामे उंच पाटावर वा टेबलावर करण्याची सवय आधीपासून लावावी. मधुमेह आणि तंबाखू यांप्रमाणेच ही सवयही रुग्णालयातून आल्यानंतर लागत नाही.

आपण काय करू शकतो?

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. तुमच्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरी अशी आजी किंवा आजोबा असतील. दहापर्यंत मोठ्याने मोजणारे मूल हे या उपचारातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे साधन आहे. व्यायामाचा कागद घरी वाचून दाखविणे हा गृहपाठाचा भाग होऊ शकतो.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयात, समाजमंदिरात आणि आरोग्य उपकेंद्रात पायऱ्यांना कठडे आहेत किंवा नाहीत आणि हात असलेल्या दोन-चार भक्कम खुर्च्या आहेत किंवा नाहीत, ते पाहावे. आशा सेविका आणि बचत गटांच्या भगिनी यांना हे सहा व्यायाम एकदा तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष शिकविले, तर गावातच मार्गदर्शन उपलब्ध होईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते उपचार, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या कागदपत्रांवर मिळतात, याची चौकशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करून ठेवण्यास रुग्णाच्या कुटुंबाला साहाय्य करावे. ऐनवेळची धावपळ टळली म्हणजे तयारीकडे लक्ष देता येते.

आरोग्य विभागातील अधिकाऱ्यांना एकच सुचवावेसे वाटते. रुग्णाचे नाव शस्त्रक्रियेच्या यादीत घेतानाच त्याला व्यायाम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे आणि घरातील एका व्यक्तीसही शिकवावे. अर्ध्या मिनिटात हातांच्या आधाराशिवाय तो खुर्चीवरून किती वेळा उठतो, हा आकडा त्याच्या कागदावर लिहावा. ही चाचणी जगभर वापरली जाते. तिला यंत्र लागत नाही, केवळ खुर्ची आणि घड्याळ लागते. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. आकडा वाढला की रुग्णाला स्वतःच्या प्रगतीचा पुरावा मिळतो, आणि वाढला नाही तर आपले कोठे चुकते आहे, हे आपल्याला कळते.

आमच्या घरी तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर माझी मुलगी लिहीत असे. पहिल्या आठवड्यात चार होता, दहाव्या आठवड्यात नऊ झाला. सासूबाईंना अक्षरे येत नाहीत, परंतु आयुष्यभर मासळी विकल्यामुळे आकडे मात्र चांगले कळतात. दर रविवारी त्या स्वतःच दिनदर्शिकेसमोर खुर्ची ओढून बसत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली आहे किंवा ठरावयाची आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढेच करावे. एक खुर्ची भिंतीला टेकवावी, आपल्या वडीलधाऱ्यांना तीवर बसवावे आणि त्या किती वेळा उठतात ते मोजून दिनदर्शिकेवर लिहावे. पुढील काम तो आकडाच करून घेईल.



जय हिंद! जय महाराष्ट्र!